पान दोनशे बारा

सकाळी आठ वाजता पेवाच्या तोंडावरची शिळा बाजूला सारली गेली. बारापर्यंत आत कुणी उतरणार नव्हते. जमिनीखाली महिनोन्महिने कोंडलेल्या ज्वारीची वाफ धडधाकट माणसाला उभ्याउभ्या झोपवते. ती निघून जाईपर्यंत थांबायचे, ही उकंडराव पाटलांच्या घरची जुनी शिस्त. एरवी आखजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, हे चार तास पूर्वजांच्या घागरी भरण्यात, पुरण वाटण्यात आणि माहेरवाशिणींच्या गप्पांत जात. ह्या वर्षी ते माजघरात, एका पुस्तकाभोवती गेले.

पुस्तक सतरंजीच्या मधोमध पालथे पडले होते. ते तिथे ठेवले होते इंद्रभानने. इंद्रभान हा घरचे कर्ते, उकंडरावांचे नातू रंगराव यांचा चुलतभाऊ, मलकापूरला वकील. नांदुऱ्याच्या स्टेशनात गाडी तीन तास उशिरा येणार होती आणि पिशवीत दुसरे काही नव्हते, म्हणून त्याने तीन महिन्यांपूर्वी भेट मिळालेले हे पुस्तक उघडले होते. वाचनाची आवड असल्याचा आरोप त्याच्यावर वैऱ्यानेही केला नसता.

"पान दोनशे बारा," तो म्हणाला. "दादासाहेब, तुमीच वाचा ना. पहिल्या पानावर सही तुमचीच हाये. 'सप्रेम भेट, रंगराव पाटील.' अशा चाळीस सह्या ठोकल्या तुमी. तालुक्यातला एक पाटील सोडला नाही."

रंगरावांनी पुस्तक त्याच्याकडेच सरकवले. त्यांची थोरली बहीण मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसली होती. बासष्टीची बाई, सासर जळगावकडचे, पण दर आखजीला माहेरी येऊन ती घर ताब्यात घेई. तिने हात उडवला.

"वाच बे तूच. आमाले कोनं शिकवलं?"

इंद्रभानने पुस्तक उचलले आणि कोर्टात नक्कल वाचावी तशा सपाट आवाजात वाचले.

"'संवत छप्पन्नच्या (सन १८९९-१९००) दुष्काळात या गावच्या पाटलांनी आपले पेव रयतेस उघडून दिले, अशी स्थानिक समजूत आहे. उपलब्ध निकालपत्रातून तसे दिसत नाही. पेव गावकऱ्यांनी फोडले. फिर्याद पाटील उकंडराव यांची. नऊ जणांस सक्तमजुरी झाली. पैकी पहिला आरोपी पुंजाजी वल्द बळीराम हा तुरुंगातच मरण पावला. पुढे पाटील घराण्याने याच घटनेचा उत्सव सुरू केला.'"

बाहेर अंगणात उघड्या पेवाभोवती गावातली माणसे जमू लागली होती. साठ-पासष्ट वर्षे हेच चालले होते: आखजीच्या दुपारी उकंडरावांच्या औदार्याची आठवण म्हणून घरटी एक पायली ज्वारी, आणि पहिली पायली नेहमी कडूबाच्या घरची. कारण दुष्काळात पहिला पसा कडूबाच्या आजोबाच्या पदरात पडला, असे घर सांगत आले होते. कडूबाचा आजोबा म्हणजे पुंजाजी.

माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात, पदर कपाळापर्यंत ओढून अन्नपूर्णाबाई उभी होती. रंगरावांच्या धाकट्या भावाची, शालिग्रामची, बायको. तिने हा परिच्छेद जानेवारीत वाचला होता. इंद्रभान 'उपलब्ध' शब्दाशी अडखळला तेही तिच्या ध्यानात आले.

"आता माझा सवाल एकच," इंद्रभानने पुस्तक मिटले. "वाचनालयाचे अध्यक्ष तुमी. पुस्तक मंजूर केलं तुमी. वर्धापनदिनाले स्टेजवर उभं राहून 'हे पुस्तक प्रत्येक पाटलाच्या घरी असावं' म्हनून भाषन ठोकलं तुमी. आपल्याच आज्याले खोटं ठरवणारं पुस्तक तुमी वाचलं होतं का नाही?"

ह्या प्रश्नाचे उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होते, विचारणाऱ्यालाही.

रीत अशी होती. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, धाकट्या भावजयीने तोंडाने बोलायचे नाही. अठरा वर्षांत अन्नपूर्णाबाई आणि रंगराव एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. एका छपराखाली, एका चुलीवरचे जेवत. पण अकरा वर्षांपूर्वी वाचनालयाचे अध्यक्षपद रंगरावांकडे आले आणि त्याबरोबर मलकापूरहून येणारी नव्या पुस्तकांची पेटीही. प्रत्येक पुस्तक तपासून, 'आक्षेपार्ह नाही' अशी खात्री करून अध्यक्षांनी सही करायची होती. रंगरावांना सही येत होती. खात्री करण्याचे काम त्यांनी ह्याच मॅट्रिक झालेल्या भावजयीवर, मलकापूरच्या मास्तराच्या मुलीवर, सोपवले, म्हणजे पेटी माजघरातल्या बाकावर ठेवू लागले. अन्नपूर्णाबाई पुस्तक वाची, दोन ओळींची चिठ्ठी लिहून त्यात घाली, आणि रंगरावांची बायको रुक्मिणीबाई ते पुस्तक उचलून नवऱ्याकडे नेई. रुक्मिणीबाईला अक्षर येत नव्हते, म्हणून ती ह्या टपालाला सर्वांत भरवशाची होती.

ह्या अकरा वर्षांत जिल्ह्याने तीन राज्ये पाहिली. मध्य प्रदेश गेला, मुंबईचे मोठे राज्य आले, तेही मोडून महाराष्ट्र झाला. चिठ्ठ्यांचा मार्ग मात्र बदलला नाही. सभा असली की चिठ्ठी पानभर होई, आणि रंगराव ती पाठ करून बोलत. बुलढाण्यापर्यंत त्यांची 'व्यासंगी माणूस' अशी ख्याती झाली होती. एका मोठ्या सभेत त्यांनी एका कादंबरीविषयी इतके मार्मिक उद्गार काढले की एका प्राध्यापकाने ते वहीत उतरवून घेतले. ती कादंबरी त्या वेळी अन्नपूर्णाबाईच्या उशाखाली होती.

चिठ्ठीवर तिने कधी खोटे लिहिले नाही. 'हरकत नाही' एवढेच बहुधा असे, आणि तिची खरोखरच हरकत नसे. जे उरे ते ती वहीत लिही. अशा सात वह्या झाल्या होत्या. एका पातळशा तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात तिने वाचले होते की दात्याला पुण्य हवे असेल तर जगात भुकेला माणूस शिल्लक राहिला पाहिजे. तेव्हा पुण्याची इच्छा धरणारा मनात काय धरतो, हे त्याने एकदा तपासावे. त्या वर्षी आखजीचे पुरण तिच्या घशाखाली उतरले नव्हते. वहीत तिने लिहिले: 'हे चूक असेल तर कुणी तरी मला समजावून सांगावे. विचारू कुणाला?' एका कादंबरीतली बाई भरले घर सोडून निघून जाते आणि लेखक शेवटपर्यंत कारण सांगत नाही. अन्नपूर्णाबाईने तीनशे पाने ते कारण हुडकले आणि मग लिहिले: 'मी सासूसारखी वाचत होते.' आणि इतिहासाच्या पुस्तकांपासून ती एक सवय शिकली होती. कुणी काही सांगितले की मनातल्या मनात विचारायचे: हे कुणी पाहिले, आणि पाहताना तो कुठे उभा होता?

ह्या एका प्रश्नाने तिचे घरातले ऐकणे अवघड करून टाकले होते.

जानेवारीत दोनशे बारावे पान तिने तीनदा वाचले. मग चिठ्ठी लिहिली: 'दुष्काळाविषयी आजवर न सांगितलेले खरे यात आहे. प्रत्येक पाटलाच्या घरी असावे.' त्यात तिचा दुष्ट हेतू होता का, हे तिने स्वतःला विचारले होते. होता, पण तेवढ्याने वाक्य खोटे ठरत नव्हते. पुढे भाषण झाले, चाळीस प्रती आल्या, सह्या झाल्या, तालुक्यातल्या चाळीस घरांत पुस्तक गेले, आणि तीन महिने काहीही घडले नाही. ती वाट पाहत राहिली. वऱ्हाडात एखादी गोष्ट लपवायला पाटलाच्या घरातल्या पुस्तकाइतकी सुरक्षित जागा नाही, हे तिला तेव्हा कळले.

"खोटं हाये ते," मनकर्णाबाई म्हणाली. "आबा असा नव्हताच. तुमी कोनी पाह्यलं नाही त्याले, मी पाह्यलं. मी धा वर्षांची होतो तो गेला तेव्हा. अरे, त्याचं काळीज लोण्याचं होतं. ह्या कडूबाची आजी, पुंजाजीची बायको, ती गल्लीतून येताना दिसली की आबा उठून दार लावून घे. आत अंधारात बसून राहे. तिचं दुःख त्याच्यानं पाहवत नव्हतं. एवढा हळवा माणूस!"

इंद्रभान वकील होता. त्याने खाली सतरंजीकडे पाहिले. रंगरावांनी डोळे मिटले. मनकर्णाबाईला एकटीला आपण साक्ष दिली आहे हे समजले नव्हते. पण मग तिच्या चेहऱ्यावरही काही तरी हलले. पन्नासहून अधिक वर्षे बंद असलेले ते दार तिने बहुधा पहिल्यांदाच गल्लीच्या बाजूने पाहिले असावे. ती घाईने म्हणाली:

"पाणी दे वो कोनी."

पाणी रुक्मिणीबाईने दिले.

इथून चर्चेचे वळण बदलले. येताना इंद्रभानला रंगरावांचे अध्यक्षपद हवे होते. आता त्याच्या लक्षात आले की उकंडराव त्याचाही आजोबा आहे, आणि खोट्या ठरलेल्या आजोबाचा नातू म्हणून अध्यक्ष होण्यात अर्थ नाही. दहा मिनिटांत तो रंगरावांच्या शेजारी सरकून बसला आणि आवाज खाली आला.

"मार्ग हाये. तुमी वाचलं नाही, असं तं म्हनता येत नाही. तुमची सही हाये. पन तुमी दुसऱ्याच्या भरवशावर सही केली असं म्हनता येते. घरच्या बाईनं चाळलं, तिले समजलं नाही, तिनं लिहून देल्लं 'हरकत नाही.' बाईमाणसाची चूक. तिनं आता एक ओळ लिहून द्यावी, 'मी हे पुस्तक न वाचता अभिप्राय दिला.' बारा वाजता पेवापाशी तुमी ती वाचून दाखवा, तिले माफ करा, चाळीस पुस्तकं परत मांगवा. संपलं. पुस्तकही गेलं अन् तुमचा मोठेपनाही राह्यला."

"अन् ते फौजदारी निकालपत्र?" रंगरावांनी प्रथमच तोंड उघडले.

"ते कोन वाचते?"

हे मात्र बरोबर होते.

रंगराव शालिग्रामच्या कानाशी काही बोलले, आणि शालिग्राम उठून दाराशी आला. नांदुऱ्याला धान्याचा व्यापार करणारा, भांडण दिसले की वाट बदलणारा माणूस. अठरा वर्षांत तो बायकोला कधी टाकून बोलला नव्हता, आणि कधी तिच्या बाजूने उभाही राहिला नव्हता. ती स्वयंपाकघरात सरकली. तोही आत आला. चुलीशी पुरण शिजत होते.

"एक ओळ हाये," तो म्हणाला. "लिहून टाक. तुह्यं काय जाते?"

"मी वाचलं हाये."

"मले मालूम हाये ना तू वाचलं. साऱ्या घराले मालूम हाये."

"मंग?"

"मंग काय? लोकायसाठी लिहाचं. उद्या कोनी इचारत नाही."

"तुमी आडतीत माल पाहाले जाता," ती म्हणाली. "पोत्यात हात घालता, दाणा दाताखाली फोडता, मंग भाव सांगता. उद्या कोनी म्हनलं की लिहून द्या, मी पोत्यात हातच घातला नाही, उगीच भाव सांगतला. द्याल लिहून?"

"ते येगळं. तो माहा धंदा हाये."

"हाव. अन् मी अकरा वर्षं काय करून राह्यली होतो?"

त्याने चुलीवरचे पुरण ढवळायला घेतले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "पेटी बंद करतील ते. पुन्हा पुस्तक येनार नाही ह्या घरात. लिहून देल्लं तं चालू राहीन. दादानं तसं म्हनलं हाये मले."

हे तिने अपेक्षिले नव्हते, आणि म्हणूनच ते लागले. म्हणजे किंमत ठरली होती. न वाचल्याचा कागद दिला तर पुढे वाचता येईल; वाचल्याचे कबूल केले तर वाचणे संपेल. असल्या अटीवर एखाद्या ग्रंथात पाच पाने खर्च झाली असती. इथे ती एका व्यापाऱ्याने पुरण ढवळता ढवळता सांगितली. तिला सात वह्या आठवल्या. पुढच्या महिन्यात येणाऱ्या पेटीत एका जुन्या नास्तिकाचा ग्रंथ होता; यादीवर तिनेच खूण केली होती. क्षणभर, फार नाही, एका श्वासापुरते, तिने ती ओळ मनात लिहून पाहिली. अक्षर सुंदर होते. ओळ वाचून तिला कळले की त्यापुढे जे काही ती वाचील ते न वाचलेल्या बाईने वाचलेले असेल.

"नाही लिहित," ती म्हणाली.

बारा वाजले. पेवात कंदील सोडला. तो विझला नाही. आत उतरलेल्या गड्याने ज्वारीच्या पाट्या वर दिल्या. अंगणात दीडशे माणसे होती. शिळेशेजारी पाटावर उकंडरावांचा फोटो, त्याला झेंडूचा हार. कडूबा सर्वांत पुढे, धोतराचा सोगा पसरून. पन्नाशीचा, काळा, सडपातळ माणूस. भाजीपाल्याचा दोन एकरांचा मळा करणारा.

रंगराव ओट्यावर उभे राहिले. चिठ्ठी नव्हती. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते चिठ्ठीशिवाय लोकांसमोर उभे होते; हातात फक्त रिकामी पायली होती.

"मंडळी," ते म्हणाले, "एक पुस्तक आपल्या वाचनालयातून गेलं. त्याच्यात आमच्या आजोबायबद्दल वंगाळ लिहिलं हाये. ते पुस्तक मी मंजूर केलं, कारन घरच्या बाईनं... आमच्या धाकट्या सूनबाईनं ते न वाचता..."

"मी ते वाचले आहे, दादासाहेब."

अंगणातल्या माना वळल्या. अन्नपूर्णाबाई ओट्यावर आली होती. पदर डोक्यावर होता, चेहऱ्यावर नव्हता. भासऱ्याशी ती प्रथमच बोलत होती, आणि बोलताना तिच्या तोंडून निघाली ती चिठ्ठ्यांची भाषा. त्याच्याशी बोलायची दुसरी भाषा तिच्यापाशी तयारच झाली नव्हती.

"पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले आहे. दोनशे बारावे पान तीनदा. ते वाचूनच मी अभिप्राय लिहिला, आणि तो आजही कायम आहे. आपण मंजूर केलेली अकरा वर्षांतली सगळी पुस्तके मी वाचली. आपली सगळी भाषणेही मीच लिहिली. त्यांतले एकही न वाचता लिहिलेले नाही."

"आत जाय!" मनकर्णाबाई दारातून किंचाळली. "अवो, भासऱ्याच्या तोंडाले लागते! लाज इकली का?"

"काय लिहिलं हाये पुस्तकात?" गर्दीतून कुणी तरी विचारले.

तिने सांगितले. शब्द वाढवले नाहीत. पेव फोडले, फिर्याद झाली, नऊ जण तुरुंगात गेले, पुंजाजी तिथेच मेला. सांगताना ती कडूबाकडे पाहत होती. ह्या माणसाला आयुष्यभर हात जोडायला लावले त्याचे सत्य आज आपल्या तोंडून त्याला कळते आहे, ह्या जाणिवेने तिचा आवाज थोडा चढला होता. हे तिने नंतर स्वतःला कधी माफ केले नाही.

कडूबाने सोगा खाली सोडला.

"माहीत हाये आमाले, बाई," तो म्हणाला.

इंद्रभान पुढे झाला. "काय माहीत हाये?"

"हेच. बुढी सांगे. माही आजी. शेवटपर्यंत सांगे."

"मंग दरवर्षी हात पसरून येतं काऊन बे?"

"तिनंच सांगतलं होतं. म्हने, दर आखजीले जाय. सगळ्यायच्या म्होरं उभा राह्य. पायली त्यायच्या हातानं भरून घे. तुह्या आज्यानं घेतली तेव्हा ती चोरी झाली म्हने, आता त्यायलाच भरू दे." कडूबा फोटोकडे पाहत नव्हता, रंगरावांकडेही नाही. "तुमी दान म्हनता, म्हना. आमच्या घरी तिले आज्याची पायली म्हनतात."

गर्दीत कुणी हसले नाही. मागे दोघा-तिघांनी मान हलवली, जणू ही गोष्ट त्यांच्याही चुलीपाशी सांगून झाली होती. अकरा वर्षे अन्नपूर्णाबाईने प्रत्येक ग्रंथाला विचारले होते की सांगणारा कुठे उभा होता. गल्लीत उभ्या राहिलेल्या म्हातारीला काही विचारावे, हे तिला एकदाही सुचले नव्हते. ती छापलेल्याची वाट पाहत बसली होती.

"नाव छापलं हाये का त्याचं?" कडूबाने विचारले.

"आहे."

"वाचा बरं. बुढीले लय वाटे की कुठं तरी नाव असंल."

तिने माजघरातून पुस्तक आणले आणि त्याच पानाच्या तळटीपेतली नावे वाचली. पुंजाजी वल्द बळीराम. उखर्डा वल्द गोविंदा. एकेक करून नऊही. चौथ्या नावाला मागून एक म्हातारी "माहा सासरा" एवढेच म्हणाली. नऊ नावे संपली तेव्हा रंगरावांच्या हातातली पायली अजून रिकामी होती. त्यांनी ती शालिग्रामच्या हातात दिली आणि ते आत गेले.

शालिग्रामने भावाच्या पाठीकडे पाहिले, बायकोकडे पाहिले नाही. मग वाकून पायली पाटीत घातली. आडतीतला माणूस, माप काठोकाठ सपाट करायचा हात त्याचा. आज त्याने शीग लावली, आणि ती ढासळून कडूबाच्या पायांवर सांडली तरी तो लावतच राहिला.

माजघरात रंगराव खांबापाशी उभे होते. ती आत आली तेव्हा ते तिच्याशी बोलले; रीत मोडलीच होती.

"आजपासून पेटी ह्या घरात येनार नाही. वाचनालयातून तुमच्या नावानं कागदाचा कपटाही निघनार नाही. ती वही का वह्या, त्याही बंबात घाला. समजलं?"

"पेटीचे समजले," ती म्हणाली. "ती आपली आहे. वह्या माझ्या आहेत."

"अन् मी बुलढान्याले सभेत काय बोलू गुरुवारी?" हे त्यांच्या तोंडून निसटले. बोलल्यावर त्यांनाच ते ऐकू आले आणि त्यांनी मान फिरवली.

पहिल्या पानावर त्यांची सही असलेले ते पुस्तक हातात तसेच धरून, चपला घालून, भर उन्हात ती बाहेर पडली.

वाचनालय चावडीला लागून होते. तिथे बाया जात नसत; ज्यांना पुस्तके लागत त्यांना घरची पुरुषमाणसे आणून देत. अकरा वर्षे ज्या खोलीतले प्रत्येक पुस्तक तिच्या हातून गेले होते, ती खोली अन्नपूर्णाबाईने आज प्रथम पाहिली. तिला वाटली होती त्याहून लहान होती. लांब टेबल, दोन बाके, खिडकीत मडके. तीन माणसे वर्तमानपत्राची पाने वाटून वाचत होती. ग्रंथपाल किसनराव खुर्चीतून अर्धे उठले.

"बाई... कोनाले पाहून राह्यल्या?"

"कोनाले नाही. वाचाले आली."

एक माणूस उठून बाहेर गेला. दुसऱ्याने वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर उंच धरले. ती बाकावर बसली. उन्हातून आल्यामुळे अक्षरे काही वेळ हिरवी दिसत होती.

दारात सावली पडली. रुक्मिणीबाई होती. अध्यक्षांची बायको, कपाळाचा घाम पदराने पुसत, दोन्ही बाजूंना न बघता आत आली आणि जावेशेजारी बाकावर बसली. ती चालत आली होती की पळत, कळत नव्हते.

"घरी काय म्हनतील?" अन्नपूर्णाबाईने हळूच विचारले.

"म्हनू दे. अकरा वर्षं तुह्या चिठ्ठ्या मी वाह्यल्या वो. एक दिवस सुट्टी नाही. बाळंतपनातही वाह्यल्या." तिने पुस्तकाच्या पानावर हात ठेवला, कणीक किती मळून झाली ते बघावे तसा. "आता मले सांग, मी वाह्यलं काय. पहिल्यापासून सांग. गाळू नको."

किसनराव खाकरले. त्यांनी बोटाने भिंतीकडे दाखवले. भिंतीवर काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते: 'मोठ्याने वाचू नये.'

अन्नपूर्णाबाईने ती पाटी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. मग पहिले पान उघडले, आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली.